चौथ्या वर्षाचं काय?
या आठवड्यात सेलूजवळ रुंद वरंबा-सरीवरचं सोयाबीन पाहिलं नि जीव हरखला. पाऊस दडी मारतो तेव्हा वरंब्यात ओल टिकते, धो-धो कोसळतो तेव्हा सरी पाणी काढून देते. मराठवाड्याला तर एकाच हंगामात दोन्ही भोगावं लागतं! 2018 पासून ‘पोकरा’नं, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानं, ही पद्धत रुजवायला पैसा दिला, तो सार्थकी लागला. सेंद्रिय शेतीचं मात्र घोडं अडतं. 2015 ची परंपरागत कृषी विकास योजना सेंद्रिय शेती करणाऱ्या गटाला तीन वर्षं हात देते. पुढे शेणखतावर पोसलेला माल मोंढ्यात इतरांच्याच ढिगात पडतो. चौथ्या वर्षी शेतकरी पुन्हा रासायनिक खताच्या गोणीकडे वळला, तर त्याला बोल लावू नका. सरकारनं सेंद्रिय मालाचा लिलाव वेगळा करावा, वर हमीभावापेक्षा जादा दर द्यावा.