इंग्रजी स्वीकारली म्हणून ग्रीकपण सुटले का?

१९०९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ ओमाहात जमावाने ग्रीक वस्ती उद्ध्वस्त करून रहिवाशांना पळवून लावले. स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा जोर असताना, १९२२ मध्ये अटलांटात स्थापन झालेल्या ‘अहेपा’ या ग्रीक-अमेरिकन संघटनेने इंग्रजीत कारभार केला, त्याला शरणागती म्हणणे अन्यायाचे आहे, आधी सुरक्षितपणे जगणे भाग होते. याउलट १९२३ मध्ये ‘गापा’ ही संघटना ग्रीक भाषेच्या आग्रहाने उभी राहिली. भाषा गेली की जेवण आणि नाचच उरतात, हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण भाषेची हानी भरून निघत नाही. तरीही फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जमध्ये, स्पंज काढणाऱ्या ग्रीक पाणबुड्यांच्या गावात, ६ जानेवारीला पाण्यात टाकलेला क्रूस मिळवायला तरुण आजही उड्या घेतात. हे सातत्य चर्चने आणि संघटित समाजाने टिकवले आहे.