देशोदेशीचे लोक : सचीनचे सिद्दी आणि हैतीचे नागरिक

हजीऱ्याच्या किनाऱ्यावरून तापीच्या मुखापलीकडे पाहिले, की डुमस दिसते. रोमन लिपीत हे नाव फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमा यांच्या आडनावासारखेच लिहिले जाते. हा निव्वळ योगायोग; परंतु द्युमांचे वडील, जनरल तोमा-अलेक्झांद्र, १७६२ साली एका आफ्रिकी गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मले ते आजच्या हैतीत, आणि डुमसपासून फारसे दूर नसलेल्या सचीनवर १९४८ पर्यंत राज्य केले तेही आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनीच.

सचीनची कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जंजिऱ्याच्या गादीचा वारस बाळूमियाँ राज्याला मुकला आणि पेशव्यांच्या आश्रयास आला. १७९१ मध्ये त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना दिला व मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. मराठ्यांना जंजिरा शेवटपर्यंत मिळाला नाही, ही गोष्ट निराळी! सर्वच सिद्दींचे दैव मात्र असे फळफळले नाही. भरूच जिल्ह्यातील रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्याभोवती राहणारे सिद्दी त्याच वंशाचे, पण नवाबीचा वारा त्यांना कधी लागला नाही.

त्याच १७९१ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकपलीकडे, कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत उसाचे मळे पेटले. तेथे तीसचाळीस हजार गोऱ्यांच्या हाताखाली जवळजवळ पाच लाख गुलाम राबत होते. कोलंबस १४९२ साली आला तेव्हाचे मूळ ताइनो रहिवासी रोगराई आणि सक्तमजुरीने केव्हाच नामशेष झाले होते. बंडाला तूसाँ लूव्हेर्त्यूर हा असामान्य सेनानी लाभला. नेपोलियनच्या सैन्याने १८०२ मध्ये त्याला कपटाने पकडून फ्रान्सला नेले व पुढच्याच वर्षी तो तेथील डोंगरी किल्ल्यात वारला. पण देसालीनने युद्ध तडीस नेले. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह शहरात स्वातंत्र्य जाहीर झाले आणि देशाला ताइनोंनी दिलेलेच ‘डोंगरांची भूमी’ या अर्थाचे जुने नाव पुन्हा मिळाले. गुलामांनी स्वतः लढून राष्ट्र उभारल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

फ्रेंच परत येतील या धास्तीने उत्तरेचा राजा क्रिस्तोफ याने काप-हैतियँजवळच्या डोंगरमाथ्यावर लाफेरिएरचा प्रचंड किल्ला बांधला. जंजिऱ्याने वेढ्यावर वेढे सोसले. लाफेरिएरवर शत्रू कधी चालूनच गेला नाही. फ्रेंच आले ते १८२५ मध्ये, चौदा युद्धनौका आणि एक मागणीपत्र घेऊन. मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांचे नुकसान म्हणून पंधरा कोटी फ्रँक भरा! त्या नुकसानीत गुलामांचीही किंमत धरलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्या माणसांनी स्वतःचेच मोल जुन्या मालकांना चुकवायचे. पहिला हप्ता भरण्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. पुढे १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आली, तरी त्यापोटी काढलेल्या कर्जांची परतफेड संपायला १९४७ साल उजाडले. हैतीच्या दारिद्र्याला तेथील लोकांचा आळस कारण आहे असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अमेरिकेचा १९१५ ते १९३४ चा ताबा आणि १९५७ ते १९८६ पर्यंतची दुव्हालिए पितापुत्रांची हुकूमशाही यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. महाराष्ट्राच्या अकराव्या हिश्श्याएवढ्या या देशात आज सव्वा कोटीला थोडी कमी वस्ती आहे. राजधानी पोर्तोप्रँस १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात जमीनदोस्त झाली. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा खून झाला. त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी शहराचा बहुतेक भाग व्यापला आणि २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटेल. आपल्याकडच्या सिद्दींनी गुजराती आपली केली. हैतीत नाना आफ्रिकी बोली बोलणारी माणसे एकाच मळ्यावर आणून टाकली गेली आणि मालकांच्या फ्रेंचमधून त्यांनी क्रेयोल ही नवी भाषा घडवली. घरोघरी तीच बोलली जाई; शाळा आणि कचेरी मात्र फ्रेंचच्या ताब्यात. १९८७ च्या राज्यघटनेने क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला, तेव्हा स्वातंत्र्याला १८३ वर्षे झाली होती.