ज्याचे नाव त्याला



ऑगस्ट महिन्यात आमच्या हैदराबादेत मॅरेथॉनची शर्यत भरते. सुमारे ४२ किलोमीटर अंतर धावून काटावयाचे, अशी ही कठीण शर्यत. याच महिन्यात पूर्वी झालेल्या अशा दोन शर्यतींची हकिकत आज आपणांस सांगावीशी वाटते.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी कुटुंबांतील गडी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिले. काहींचा वेग युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता. टाटांच्या खटपटीने पुढील वर्षी मूठभर हिंदी खेळाडू बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. देशही पारतंत्र्यात होता. परंतु नोंद झाली ती त्यांच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाची.

हे भाग्य केवढे, ते कोरियाचे सोन की-चुंग यांची कथा ऐकली म्हणजे उमगते. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. ९ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनला सोन पहिले आले. परंतु जपानी गणवेशात आणि 'सोन कितेई' या जपानी उच्चाराच्या नावाने. जपानचे राष्ट्रगीत वाजले तेव्हा त्यांनी मान खाली घातली, आणि विजेत्यास मिळालेले ओकचे रोप छातीशी धरून अंगावरील जपानी ध्वज झाकला. मायदेशी एका वृत्तपत्राने छायाचित्रातील तो ध्वज पुसून टाकला, तेव्हा ते पत्र कित्येक महिने बंद पाडण्यात आले.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, कोरिया जपानच्या अमलातून सुटला. सोन यांनी पुढे तरुण धावपटू घडविले. १९८८ साली सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेले सोन मशाल घेऊन क्रीडांगणात धावले ते स्वतःच्या नावाने. १९९२ साली, पुन्हा ९ ऑगस्टलाच, ह्वांग यंग-चो या कोरियन तरुणाने बार्सिलोनाची मॅरेथॉन जिंकली. ती पाहावयास सोन हजर होते. २००२ साली ते निवर्तले.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे. त्या शर्यतीत परमेश्वर प्रत्येकास त्याच्या नावाने ओळखतो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू प्रथम नाव विचारतात, ते उगाच नव्हे. मग आपण काय करतो? शेतावर राबणारा गडी, घरी भांडी घासणारी बाई, यांना आपली मुले कोणत्या नावाने हाक मारतात? त्यांचे पूर्ण नाव तरी त्यांना ठाऊक आहे काय? आज रात्री जपमाळेनंतर मुलांना हे अवश्य विचारा. दुसऱ्याचे श्रम घ्यावे आणि त्याचे नाव विसरावे, हाही एक अन्यायच होय.

— जामबाग, हैदराबाद