अतिशीत अणू आणि पाच वर्षांची मुदत

सोन्याच्या पातळ थरातून कोरलेल्या सूक्ष्म तारेत वीजप्रवाह सोडला, तर तो तारेच्या दिशेने सरळ वाहत जाईल अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु हायडेलबर्ग, व्हिएन्ना आणि इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठ येथील संशोधकांनी अशा तारेपासून अवघ्या काही मायक्रोमीटरांवर रुबिडियमच्या अतिशीत अणूंचा मेघ धरून तिचे जे चुंबकीय चित्र २००८ साली प्रसिद्ध केले, त्यात प्रवाहाची दिशा ठिकठिकाणी किंचित ढळलेली दिसली, आणि हे ढळणेही स्वैर नसून तारेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करणाऱ्या तिरप्या पट्ट्यांत मांडलेले आढळले. धातूतील दोष अस्ताव्यस्त विखुरलेले असताना प्रवाहात मात्र अशी दूरवर टिकणारी रचना असावी, हे प्रचलित साधनांच्या दृष्टीला तोवर पडलेच नव्हते.

अणूंना ही दृष्टी येते ती शैत्यामुळे. लेसर किरणांनी वेग हरण केलेले आणि पुढे त्यांतील अधिक उष्ण अणू क्रमाक्रमाने निसटू देऊन निववलेले हे मेघ निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही कोट्यंशांपर्यंत जाऊन पोहोचतात, आणि अखेरीस सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून १९२४ साली आइन्स्टाइन यांना धाडलेल्या निबंधातून जिच्या कल्पनेचा उगम झाला, त्या संघनित अवस्थेत प्रवेश करतात. चुंबकीय क्षेत्रात १ नॅनोटेस्लाचा, म्हणजे आपल्याकडील भूचुंबकीय क्षेत्राच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाचा, फरक पडला, तर अशा अणूच्या ऊर्जेत पडणारे अंतर नॅनोकेल्विनच्याच घरातले असते. उष्ण वायूला त्याची दादही लागणार नाही, परंतु अतिशीत मेघ त्या अंतराने एके ठिकाणी दाटतो, दुसरीकडे विरळ होतो, आणि त्या दाटीचे छायाचित्र हाच क्षेत्राचा नकाशा ठरतो. मात्र छायाचित्र घेताना प्रकाशाने तो मेघ बहुधा नष्ट होतो, आणि पुढील चित्रासाठी सारे शीतलन मुळापासून करावे लागते. शिवाय अणू निर्वातात अधांतरी असल्यामुळे पाहावयाचा नमुना त्यांच्याइतका थंड असण्याचे कारण नाही; स्टॅनफर्ड विद्यापीठातील अशाच एका सूक्ष्मदर्शकाने लोहयुक्त अतिवाहकांतील स्थित्यंतर नमुन्याचे तापमान बदलत बदलत न्याहाळले, हे या पद्धतीचे मोठेच वैशिष्ट्य होय.

अशी उपकरणे विकत मिळत नाहीत, ती पीएच.डी.चे विद्यार्थी उभारतात. निर्वातपात्र तापवून त्यातील वायूचा शेष घालवणे, लेसर रुबिडियमच्या नेमक्या वर्णरेषेवर स्थिर ठेवणे, वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झ स्पंदनाचा आणि इमारतीतील लिफ्टच्या हालचालीचाही चुंबकीय उपद्रव शोधून निवारणे, यांत वर्षे जातात. ही वर्षे प्रबंधाच्या पूर्वतयारीत जमा धरून परिणाम तेवढा संशोधनात मोजण्याची आपल्या विद्यापीठीय दप्तरांची रीत आम्हांस सर्वस्वी अन्याय्य वाटते, कारण मापनाच्या शास्त्रात साधनाची घडण हाच विचाराचा मुख्य भाग असतो.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली आणि त्यातील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले, याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर येथेही अतिशीत अणूंवर काम चालते. परंतु ज्या हातांनी ही साधने चालायची, त्यांच्या शिष्यवृत्तीची मुदत सर्वसाधारणपणे दोन अधिक तीन अशी पाच वर्षांची. २०२३ पासून तिची रक्कम प्रथम ३७,००० व पुढे ४२,००० रुपये दरमहा झाली, मुदत मात्र तशीच राहिली. परदेशातून मागवलेला एखादा सुटा भाग निविदा आणि जकातीच्या सोपस्कारांत अडकला, तर त्या दिरंगाईचा काळ विद्यार्थ्याच्याच खाती पडतो. आणि जुना विद्यार्थी प्रबंध सादर करून निघून गेल्यावर नवा येणार असेल, तर कोणता आरसा कोणत्या कारणाने किंचित तिरपा ठेवला आहे, हे सांगणारे कोणीच उरत नाही.

याबाबतीत आपल्याच प्रांतातील एक दाखला शासनाने अवश्य पाहावा. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चाललेली भूचुंबकीय मोजमापे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे दूषित होणार, हे ध्यानी येताच त्या वेळच्या सरकारने ट्राम प्रत्यक्ष धावू लागण्यापूर्वीच अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधली आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणची निरीक्षणे एकाच वेळी चालू ठेवली. एकच काम दोन जागी करण्याचा तो खर्च वरकरणी दुहेरी दिसला असेल. परंतु जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा त्यानेच जुळला, आणि म्हणूनच त्या नोंदींची अखंड मालिका आज जगभरचे अभ्यासक विश्वासाने वापरतात.

हीच तरतूद माणसांसाठी करावी, अशी आमची मागणी आहे. उपकरण उभारणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत जाणाऱ्या आणि येणाऱ्या विद्यार्थ्याची निदान एका वर्षाची कारकीर्द एकमेकांवर चढती राहील अशा रीतीने दोघांनाही पूर्ण वेतन द्यावे, खरेदीत गेलेला काळ शिष्यवृत्तीच्या मुदतीत परत मिळवून द्यावा, आणि उपकरणाची उभारणी व तिचा तपशीलवार वृत्तांत हा प्रबंधाचा स्वतंत्र व पुरेसा विषय मानण्याचा नियम विद्यापीठांनी करावा. अभियानाची मुदत २०३०-३१ पर्यंतच आहे, आणि आज प्रवेश घेणारा विद्यार्थी आपले साधन चालते करीपर्यंत तिचा बराचसा भाग उलटून गेलेला असेल.