पहिल्यांदा तालमीत जाताना

भाताची झोडणी उरकली की धसईकडे हमखास विचारणा होते, "साहेब, पोरगा कुस्ती शिकायची म्हणतो, कुठल्या तालमीत घालू?"

मी शेतीखात्याचा माणूस, आधी माती बघतो. आखाड्याची तांबडी माती रोज खणून भुसभुशीत केलेली हवी. तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. वाफशावरच्या रानासारखी ती मुठीत वळावी नि बोट लावताच फुटावी. टणक मातीत पोर उतरवू नका, मनगट जायचं. गादी असेल तर जोडात फट नको.

मग वस्ताद. एक संध्याकाळ कडेला बसून बघा. नवख्याला पहिल्याच दिवशी तयार गड्याशी झुंजवणारा कामाचा नाही. आधी हनुवटी छातीला टेकवून पडायला शिकवावं, डाव मागाहून. नायटा झालेल्याला आखाड्याबाहेर ठेवतात का, तेही विचारा. खुराकाची धास्ती नको. सुरुवातीला घरची भाकरी, डाळ, दूध पुरे.

आणि मुलगी म्हणाली तर? २०२३ साली सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढतीत समोर आपल्या शेजारच्या कल्याणची वैष्णवी पाटील होती. मुलींचा सराव कोण घेतं, किती वाजता, तेवढं मात्र आधी विचारून घ्या.