शांत पाण्याचा भरवसा

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की शहरातील मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते : यंदा कुठे जायचे? पुष्कळ घरांत तिचा शेवट ‘कोकणात, समुद्रावर’ असा होतो. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या राज्याला ७०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा सागरकिनारा लाभला, त्या राज्यातील नागरिकांची समुद्राशी ओळख चौपाटीवरच्या भेळेपुरतीच राहावी, हे काही भूषण नव्हे. परंतु या आनंदयात्रेची अखेर दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी आक्रोशाने होते. म्हणूनच सुटीच्या तोंडावर या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरण म्हणून आम्ही मालवण घेतो. या लहानशा शहराला लागूनच चिवला वेळा नावाचा किनारा आहे. चंद्रकोरीसारखे त्याचे वळण, मागे माडांची रांग आणि समोर समुद्रात खडकांची आडभिंत. मोठी लाट त्या खडकांवर फुटते; वाळूपर्यंत पोचते तेव्हा तिचा आवेश ओसरलेला असतो. मूल आईचे बोट धरून गुडघाभर पाण्यात उभे राहते, आजी पदर खोचून पाय भिजवते, आणि सकाळी रापण ओढली जात असेल तर शहरातली मुलेही दोराला हात लावायला धावतात. मालवणच्या समुद्रातील खडकांचे मोल शिवछत्रपतींनी जाणले होते. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तो भोवतालचे खडक शत्रूच्या गलबतांना वाट देणार नाहीत हे हेरूनच. त्याच जातीचे खडक आज लेकराबाळांसाठी लाटा अडवतात! चिवल्याला राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरतात आणि त्यांत शाळकरी मुलांपासून वयस्कांपर्यंत सारे उतरतात, ते या शांत पाण्याच्या भरवशावरच.

पण हा भरवसा किती ताणावा? त्याच मालवणच्या दुसऱ्या अंगाला, तारकर्लीच्या वाटेवर, वायरीचा किनारा आहे. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण तेथे बुडाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, मुरूडच्या समुद्राने पुण्याहून सहलीला आलेल्या चौदा विद्यार्थ्यांचा घास घेतला. ही सारी शिकलीसवरलेली तरुण मुले होती. समुद्र वाचण्याची विद्या मात्र त्यांना कुणी शिकवली नव्हती. आणि त्याचा दोष त्या मुलांकडे नव्हे, आम्हां वडीलधाऱ्यांकडे जातो.

ही विद्या अवघड नाही. किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचे पाणी कोठून तरी परत जाणारच. वाळूच्या दोन उंचवट्यांमधील घळ, खडकांची कड किंवा खाडीचे मुख सापडले की ते तेथून चिंचोळ्या, वेगवान ओढीने समुद्राकडे धाव घेते. अशा जागी पाणी खोल असल्यामुळे लाटा कमी फुटतात, आणि पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा शांत दिसतो. नवखा माणूस शांत म्हणून नेमकी तीच जागा निवडतो! ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. त्यात पट्टीचा पोहणाराही दमतो. प्रथम तरंगत राहावे, मग किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे आणि त्यानंतरच किनाऱ्याकडे वळावे. ओहोटीत ही ओढ बहुधा वाढते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असलीच पाहिजे. आपल्या पूर्वजांनी त्यासाठी किती सोपा हिशेब करून ठेवला आहे! तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते : चतुर्थीला ३, अष्टमीला ६. स्थळपरत्वे ती थोडी मागेपुढे होईल. पण तेथून पुढे सुमारे सहा तास पाणी उतरत जाणार, हे निश्चित. ज्याचे पोटच समुद्रावर आहे असा मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बाहेर काढीत नाही. त्याच दिवसांत शहरातील हौशी मंडळी ‘पावसाळी सहल’ म्हणून खवळलेल्या पाण्यात उतरतात. याला साहस म्हणावयाचे की अविचार?

सरकारलाही आमचे सांगणे आहे. शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. पाण्याची शुद्धता, स्वच्छता आणि सुरक्षा यांच्या अटी पुऱ्या केल्यावर लाभणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील आठ किनाऱ्यांना प्रथम मिळाले, त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. आमच्याकडे काही ठिकाणी जीवरक्षक आहेत, नाही असे नाही. परंतु पर्यटनाच्या जाहिरातींवर होणारा खर्च आणि पाण्यात धाव घेणाऱ्या माणसावर होणारा खर्च यांचे प्रमाण एकदा जनतेपुढे मांडावे. आमची मागणी माफक आहे. किनारपट्टीच्या प्रत्येक तालुक्यात पोहण्यास योग्य असा निदान एक किनारा निवडावा. लाल-पिवळ्या निशाणांनी सुरक्षित पट्टा आखावा. त्या दिवसाची भरती-ओहोटी फलकावर लिहावी. आणि तेथीलच मच्छीमार तरुणांना प्रशिक्षण व नियमित वेतन देऊन जीवरक्षक नेमावे. त्यांच्याइतके ते पाणी कोण जाणतो?

मात्र सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. मुलांच्या शिकवण्यांसाठी हजारो रुपये मोजणारे आपण, त्यांना पाण्यावर तरंगता येते की नाही, हे विचारीतही नाही. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हात उंचावून हाका मारीत नाही. तो मुकाट्याने पाण्याखाली जातो. सारे कुटुंब छायाचित्रांत गुंतलेले असताना चार हातांवर हे घडून जाते. चिवल्यासारख्या सौम्य किनाऱ्यावरसुद्धा एका प्रौढाने मोबाईल खिशात ठेवून केवळ मुलांवर नजर ठेवावी, आणि पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमाराला विचारावे, “दादा, आज इथे उतरू का?” तो ‘नको’ म्हणाला, तर वाद न घालता वाळूत किल्ला बांधावा.

समुद्राचे भय घालून मुलांना घरी बसवा, असे आम्ही म्हणत नाही. उलट त्यांना चिवल्याला न्या, पाण्याशी खेळू द्या, पोहायला शिकवा. खडकांची आडभिंत निसर्गाने दिली आहे. दक्षतेची भिंत मात्र आपणच बांधावयाची आहे.