‘अ‍ॅव्हरेज’ची चोरी कोण करतो?

डिझेलवर चालणाऱ्या कोणत्याही पिकअप गाडीची जाहिरात पाहिली तर तीत दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले आढळतात. गाडी किती माल उचलते हा एक, आणि एका लिटरमागे किती किलोमीटर धावते हा दुसरा. वाचणाऱ्याची साहजिकच अशी समजूत होते की, एवढा माल उचलून ही गाडी एवढे अंतर कापील. वस्तुतः हे दोन आकडे एकाच वेळी कधीही खरे नसतात. पहिला आकडा भरलेल्या गाडीचा असतो, दुसरा जवळजवळ रिकाम्या गाडीचा.

ही अतिशयोक्ती नव्हे, नियमावलीच तशी आहे. भारतात साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांची चाचणी वर्षानुवर्षे ज्या पद्धतीने झाली, तीत गाडी रस्त्यावर जातच नाही. प्रयोगशाळेतील रुळांवर तिची चाके फिरतात. सुमारे वीस मिनिटांत साडेदहा किलोमीटरांच्या आसपास अंतर, ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग, आणि तो वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे नाही. रुळांवरील रोध गाडीच्या ज्या वजनानुसार लावला जातो, ते वजन म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन अधिक १५० किलो. दीड टन माल वाहण्यासाठीच जिची निर्मिती झाली, तिच्या पाठीवर चाचणीत १५० किलो! चालक, क्लीनर आणि पाण्याचा एक कॅन धरला की हे वजन पुरे होते. कांद्याच्या दोन-तीन गोण्यांनाही त्यात जागा उरत नाही.

अशी चाचणी निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेत काय किंवा अन्यत्र काय, सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्याशिवाय एका गाडीची दुसरीशी तुलना करता येणार नाही. शास्त्राला ठरावीक परिस्थिती लागते. प्रश्न प्रयोगशाळेचा नसून तो आकडा प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर काय काय उद्योग करतो याचा आहे. विक्रेत्याच्या तोंडी तो वचन बनतो. कर्ज देणाऱ्याच्या कागदावर तो हप्ता परवडेल असा पुरावा बनतो. आणि गाडीमालकाच्या वहीत शिरला की तो चालकाला चोर ठरविणारा साक्षीदार बनतो.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. अनुवादाचे काम करणाऱ्याला शब्दांची खोड असते, ती वाचकांनी सोसावी. कोशात ‘इंधन-कार्यक्षमता’ असा भारदस्त शब्द आहे. तो कोणत्याही नाक्यावर कोणी उच्चारीत नाही. बेळगावपासून इंदूरपर्यंत आणि वसईपासून हैदराबादपर्यंत मराठी बोलणारा चालक एकच प्रश्न विचारतो: ‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ ‘सरासरी’. आपल्या चालकांनी तो मोडून घेतला असे सुशिक्षित मंडळी हसून म्हणतात. मला तर तो कंपनीच्या शब्दापेक्षा अधिक शास्त्रीय वाटतो. भरलेली फेरी आणि रिकामी परतफेरी, चढ आणि उतार, महामार्ग आणि बाजार समितीच्या फाटकापुढील रांग, या सर्वांचा मिळून जो हिशेब निघतो तो सरासरीच असतो. एका फेरीचा आकडा म्हणजे अ‍ॅव्हरेज नव्हे, हे त्या शब्दातच सांगून टाकले आहे.

ही सरासरी जागेजागी कशी बदलते ते पाहू. एक चालक भिवंडीच्या गोदामातून माल भरून नाशिकला जातो आणि बहुधा रिकामा परततो. गाडी आणि माल मिळून ३ टन धरू. समुद्रसपाटीजवळून नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर एवढे वजन चढविण्यासाठी लागणारी निव्वळ ऊर्जा सुमारे पावणेदोन कोटी ज्यूल होते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेतीन कोटी ज्यूल ऊर्जा असते, परंतु इंजिन तिच्यापैकी तृतीयांशाच्या आसपासच चाकांपर्यंत पोहोचविते. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी दीड लिटर डिझेल खर्ची पडले. अंतर कापण्याचा खर्च वेगळाच. परत येताना गाडी रिकामी आहे, म्हणून उतार तिला फारसे परत देत नाही. जे देतो, त्यातले बरेचसे कसाऱ्याच्या घाटात ब्रेक तापवून उडून जाते.

दुसरा चालक तीच गाडी घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेतो. त्याचा बोजा उतरणीवर आहे. गियरमध्ये ठेवून गाडी उतरविली तर आधुनिक इंजिन तेवढा वेळ डिझेल जवळजवळ बंदच करते. साडेसातशे मीटरची चढण त्याला परतताना लागते खरी, परंतु तेव्हा वजन उरते पावणेदोन टनांच्या आत-बाहेर, आणि लिटरभरात ती भागते. गाडी एक, कारखाना एक, दोघेही सारखेच सावध. तरी दोघांचे अ‍ॅव्हरेज एक येणार नाही. येऊच शकत नाही. आता या दोघांचा मालक एकच असेल आणि त्याने वहीत एकच आकडा लिहून ठेवला असेल, तर भिवंडीचा चालक प्रत्येक फेरीला ‘तूट’ दाखवील. मालक म्हणेल, डिझेल विकतोस. चालकाजवळ ज्यूलचा हिशेब नसतो. त्याच्याजवळ फक्त आपला शब्द असतो.

उंचीखेरीज आणखीही गोष्टी आहेत. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० च्या जागी ८० चा वेग ठेवला की तो पावणेदोनपटीहून अधिक होतो. त्यात केबिनच्या वर दोन हात क्रेट रचून ताडपत्री बांधलेली असेल तर गाडीला जणू भिंतच ढकलत न्यावी लागते. हुंडेकऱ्याने ‘सकाळी सहाच्या आत पोहोच, नाहीतर भाडे कापीन’ असा दम दिला असेल तर वेग कोण ठरवितो? मग फाटकापुढील रांगेत पुढे सरकत राहायचे, म्हणून इंजिन चालू. एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम आले. त्यांनी हवा सुधारण्यास मदत केली, हे नि:संशय चांगले झाले. परंतु त्या नियमांसाठी बसविलेल्या गाळणीत साचणारी काजळी जाळण्याकरिता वेळोवेळी जादा डिझेल लागते. आणि जी गाडी शहरातल्या शहरात थांबत-थांबत धावते, तिची काजळी नीट जळतही नाही. प्रयोगशाळेच्या वीस मिनिटांत यातले फारच थोडे दिसते.

रुपयांत याचा अर्थ काय? समजा, सांगितलेले अ‍ॅव्हरेज १७ आणि मिळणारे १२, रोजची धाव १०० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये. रोज जवळजवळ अडीच लिटरांचा फरक, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेपाच हजार. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या स्वतः गाडी चालविणाऱ्या मालकासाठी ही रक्कम म्हणजे मुलांची फी किंवा घरभाडे. शिवाय ‘लिटरमागे किलोमीटर’ हे मापच फसवे आहे. १८ वरून २० वर गेलेली गाडी शंभर किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहून थोडेसे अधिक वाचविते. १० वरून १२ वर गेलेली गाडी दीड लिटरहून अधिक वाचविते. दोन्हीकडे फरक दोनाचाच, परंतु खिशातला फरक तिप्पट. जड बोजा वाहणाऱ्याला एकेक किलोमीटर किती महाग पडतो हे या मापात लपून राहते.

आणि डिझेलचा भाव तरी कोठे स्थिर होता? ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्यावरील सरकारी नियंत्रण उठले, जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला. केंद्राचे उत्पादन शुल्क २०१४ साली लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे होते. मे २०२० मध्ये, म्हणजे जगात खनिज तेल स्वस्त झाले असताना आणि टाळेबंदीत गाड्या उभ्या असताना, ते ३१ रुपये ८३ पैशांवर नेण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपयांची कपात झाली, तरी २०१४ ची पातळी काही परत आली नाही. जाहिरातीतील आकडा जितका खोटा, तितका अधिक कर गाडी चालविणाऱ्याच्या खिशातून न बोलता जातो, कारण जादा जळलेल्या प्रत्येक लिटरवर शुल्क पूर्ण आकारले जाते.

परदेशात तरी यापेक्षा बरे आहे काय? युरोपात आपल्या चाचणीचीच थोरली बहीण म्हणावी अशी पद्धत होती. आय.सी.सी.टी. या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार प्रयोगशाळा आणि रस्ता यांमधील अंतर २००१ साली ९ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेले. गाड्या बिघडल्या नव्हत्या. कारखानदार परीक्षा देण्यात तरबेज झाले होते. २०१७ पासून तेथे नवी पद्धत आली आणि २०२१ पासून नव्या मोटारींत व हलक्या मालगाड्यांत इंधनमापक यंत्रणा सक्तीची झाली. तिच्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ साली जाहीर केलेला डिझेल मोटारींचा फरक १८ टक्क्यांचा आहे. फरक संपला नाही, पण निदान तो मोजला जाऊ लागला. अमेरिकेत मात्र पिकअप हा राष्ट्रीय दैवताचा प्रकार असल्यामुळे साडेआठ हजार पौंडांहून अधिक भारक्षमतेच्या पिकअपवर इंधनखर्चाची चिठ्ठी लावण्याचेच बंधन नाही! याच भारी वर्गातील रॅम पिकअपच्या डिझेल इंजिनांमध्ये प्रदूषण-चाचणीला चकविणारी योजना बसविल्याच्या आरोपावरून कमिन्स कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

आपल्याकडे २०१७ साली प्रवासी मोटारींसाठी इंधनखर्चाचे निकष लागू झाले, तेव्हा त्यांतून माल वाहणाऱ्या छोट्या गाड्या वगळल्या गेल्या. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर गाडी चालवून चाचणी घेण्याचा नियम आला, परंतु तेथे मोजायचे ते विषारी वायू आणि कण. गाडी रस्त्यावर आहे, उपकरण बसविलेले आहे, मग भरलेल्या गाडीचा इंधनखर्च तेथेच मोजून तो जाहिरातीत रिकाम्या गाडीच्या आकड्याशेजारी छापण्यास काय हरकत असावी? या एका सक्तीने कारखानदारांचे दिवाळे निघणार नाही.

चालकांकडून काहीच उधळपट्टी होत नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. टायरमध्ये हवा कमी, क्लचवर पाय, उगाच खेचलेला गियर, यांनी डिझेल जळते. आणि क्वचित कोठे डिझेल विकलेही जाते. पण आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा, हा न्याय बाकी सर्वत्र चालतो आणि पिकअपच्या केबिनशी येऊन थांबतो. १९३६ च्या वेतन कायद्याने नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराचा हलगर्जीपणा असणे आणि त्याला म्हणणे मांडण्याची संधी देणे आवश्यक ठरविले होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम आहे. तथापि पाच गाड्याही नसलेल्या मालकाकडे तोंडी बोलीवर काम करणाऱ्याला ही कलमे कोण वाचून दाखविणार? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदाही पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यापुरताच होता.

म्हणून आपले जे साथी वाहतूक कामगारांत काम करतात त्यांना एक सूचना करावीशी वाटते. चालकाने टाकी काठोकाठ भरून घ्यावी, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पंपाच्या पावतीसह टिपावे आणि मीटरवरचे अंतर त्याच्यापुढे लिहावे. त्याच ओळीत भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, मालाचे वजन, घाट कोणता आणि रांगेत गेलेले तास, एवढे रकाने असावेत. दोन महिन्यांची अशी वही दहा चालकांनी ठेवली तर मालकापुढे बसताना कंपनीच्या छापील आकड्याशेजारी ठेवायला दुसरा आकडा हाताशी असेल.